मळ्याच्या वाटेवरची जीप

अंगणात ठोकळ्यांवर चढवलेल्या जीपच्या स्प्रिंगचे झिजलेले पाटे आश्लेषा बदलत होती. मणक्याच्या ऑपरेशननंतर सासूबाईंना, द्वारकाबाईंना, डोंगरातल्या मळ्याचा खडकाळ रस्ता सोसवत नव्हता. त्या शेजारी खुर्ची टाकून चौकशी करत होत्या.

"हे नळकांडं कशाला?"

"धक्के गिळायला, आई."

काम संपल्यावर दोघी निघाल्या. पहिला खड्डा दिसताच द्वारकाबाईंनी डोळे मिटून दांडी घट्ट धरली. कळ आलीच नाही. "थांब!" त्या ओरडल्या.

आश्लेषाने घाबरून ब्रेक दाबला. "दुखलं?"

"नाही गं. मला उतरू दे. हे होतं कसं, ते बाहेरून बघते."

जीप पुन्हा खड्ड्यातून गेली. चाक खाली-वर झालं, पण सुनेचं डोकं जेमतेम हललं.

"आता मळ्यावर चल," परत चढत द्वारकाबाई म्हणाल्या, "आणि एकही खड्डा चुकवू नकोस!"