डावा पाय

शिंगरू पुन्हा लंगडलं.

तोवर गिऱ्हाईक खूश होतं. त्याने दात पाहिले, छाती पाहिली, मानेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "जरा चालवून दाखवा." गाडीवानाने दोर धरून शिंगराला फरशीवरून नेलं, आणि चार पावलांतच ते पुढचा डावा पाय आखडता घ्यायला लागलं. गिऱ्हाइकाने तोंड वाकडं केलं आणि पाठ फिरवली.

"घरी वाऱ्यासारखं पळतं रे," गाडीवान म्हणाला. "बाजारात आणलं की याचे नखरे सुरू."

"बाजारच मंदा आहे," नालबंद म्हणाला. "आण इकडे, पाय बघतो."

बाजार मंदा होता हे खोटं नव्हतं. आता घोडे बघायला येणारे बहुतेक वेळ घालवायला येत. पण शिंगरू लंगडत होतं ते मंदीमुळे नव्हे.

गाडीवानाची घोडी हे एवढंसं पोर मागे ठेवून गेली, तेव्हाच त्याने गाडी मोडीत काढली. दूरच्या शहरात मुलीने त्याच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. "शिंगराला चांगला मालक मिळाला की त्याच दिवशी निघतो," असं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं. बांधलेली ट्रंक दाराशी उभी होती. तिच्यावर आता बोटाने नाव लिहिता येईल एवढी धूळ होती.

नालबंदाचं दुकान त्याच गल्लीच्या टोकाला. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी भट्टी विझली की गाडीवान यायचा, दोघं खोक्यावर पट मांडायचे. सोंगट्यांच्या जागी खडे. काळे नालबंदाचे, दुकानातल्या डब्यात. पांढरे गाडीवानाचे, कायम त्याच्या कोटाच्या खिशात. तो चालला की खिसा खुळखुळायचा. नालबंद ती खुळखुळ ऐकून चहा टाकायचा. हा माणूस गेला तर आपण बोलायचं कोणाशी? ऐरणीशी?

म्हणून बाजाराच्या आदल्या संध्याकाळी खूर साफ करायच्या निमित्ताने तो शिंगराच्या डाव्या खुराच्या खाचेत अंगणातला एक बारीकसा खडा दाबून बसवायचा. वर चिखल. बाजार उठला की तपासायच्या निमित्ताने काढून टाकायचा. पहिल्यांदा हे करताना त्याने दोनदा गल्लीकडे पाहिलं होतं. आता पाहत नव्हता, आणि याचीच त्याला जास्त लाज वाटायची.

मग एके दिवशी दुकानातला फोन वाजला.

"काका, बाबा रात्री खोकतात का हो?" गाडीवानाची मुलगी होती.

"थोडंफार. म्हातारपण आहे."

"मला म्हणतात, ठणठणीत आहे. काका, तुम्ही तिथे आहात म्हणून मला झोप तरी लागते. पण ते शिंगरू तेवढं विकून द्या ना. तुमचं ऐकतात ते."

"बघतो बाळा," नालबंद म्हणाला. फोन ठेवला.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी त्याने चारही खूर साफ केले. खडा बसवला नाही. मग हात धुऊन पटाशी येऊन बसला.

"खूर बघितलास ना नीट?" गाडीवानाने नेहमीसारखं विचारलं.

"बघितला. या वेळी अगदी साफ आहे."

"साफ?"

"साफ. उद्या बघशील, कसं चालतं ते."

"बरं," गाडीवान म्हणाला. त्या संध्याकाळी तो जिंकत आलेला डाव हरला.

दुसऱ्या दिवशी नालबंदाने मागेपुढे पाहिलं नाही. मुलांना घोड्यावर बसायला शिकवणारी एक बाई बाजारात आली होती. तिला तो स्वतःहून जाऊन भेटला. "पायांचं माझ्याकडे लागलं," म्हणाला, "माझा शब्द." तिला घेऊन तो परत आला, तेव्हा गाडीवान उकिडवा बसून शिंगराचे पाय फडक्याने पुसत होता. नवरदेवाला सजवावं तसं.

बाईने शिंगराच्या कानामागे खाजवलं. शिंगराने तिच्या खांद्यावर तोंड ठेवलं. घर मिळालं याला, नालबंदाच्या मनात आलं. रिकामी संध्याकाळ आत्ताच दिसायला लागली होती.

"चालवून दाखवा," बाई म्हणाली.

गाडीवानाने दोर धरला. एक पाऊल, दुसरं, तिसरं.

शिंगरू लंगडलं.

बाईने नालबंदाकडे पाहिलं. त्याला मान वर करता येईना. "पुढे कधीतरी बघू," ती सभ्यपणे म्हणाली आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

"जाऊ दे," गाडीवान म्हणाला. "बाजारच मंदा आहे."

"अरे, पण मी स्वतः..."

"तू काय करणार? धर जरा याला. पोरीला फोन करून येतो, वाट बघत असेल." दोर त्याच्या हातात देऊन गाडीवान चहाच्या दुकानाकडे निघाला. खिसा खुळखुळत होता.

नालबंदाने गुडघा टेकला. शिंगराचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला. खुरातला चिखल ओलाच होता. त्याने आकडीने तो खरवडला, तसा खाचेतून एक खडा निसटून त्याच्या तळहातावर पडला.

खडा पांढरा होता.