दोन नळ्या

"खोलीत ओले कपडे वाळवलेस, म्हणून माझा लेक गेला," सासूबाई सुनेला कायम ऐकवत. त्याच्या फुफ्फुसात बुरशी वाढली होती. आज तिनं त्यांना मुद्दाम आपल्या प्रयोगशाळेत आणलं. टेबलावर काचेच्या दोन नळ्या. एकीत फळमाश्या भिरभिरत होत्या. दुसरीत सगळ्या मेलेल्या, अंगावर पांढरी लव. "यांनाच बुरशी लावलीस होय गं?" "दोन्हींना सारखीच लावली, आई." "मग ह्याच कशा मेल्या?" "बुरशीशी लढणारं जनुकच यांच्यात बिघडलेलं आहे, जन्मतः. तुमच्या लेकातही तेच होतं." "जन्मतः? म्हणजे... माझ्याकडून?" याच प्रश्नासाठी ती इतकी वर्षं थांबली होती, आता तो ऐकवेना. "एकट्या तुमच्याकडून नाही हो. बाबांकडूनही यावं लागतं." सासूबाईंचं लक्ष कुठलं! त्यांनी मेलेल्या माश्यांच्या नळीला हात लावला, ताप बघावा तसा. "गार पडलाय गं. पांघरूण आण आधी."