सोमवारचं औषध

कप्तानाने काचेला नाक लावलं आणि विचारलं, "याची कातडी सुटायला लागली का रे?"

टाकीवाला हातातल्या फडक्याने काच पुसत राहिला. या प्रश्नाची तो अकरा महिने वाट बघत होता.

"सुटली तर सुटली," तो म्हणाला. "मेलेलंच आहे."

काचेमागे खोल समुद्रातलं राक्षसी माकूळ आडवं पसरलं होतं. दहा हात, ताटाएवढा डोळा, दालनाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लांब. असं अख्खं जनावर देशातल्या दुसऱ्या कुठल्या संग्रहालयात नव्हतं. ते कप्तानाच्या बोटीने आणलं होतं. म्हातारा दर महिन्याला येई, स्टुलावर बसून त्याच्याकडे बघे आणि आलेल्या पोराटोरांना तीच ती गोष्ट सांगे. बोट विकली गेली होती, गुडघे गेले होते. मिरवायला एवढंच उरलं होतं.

"याला दहा हात असून काही धरता येत नाही," तो नेहमी म्हणे, "आणि मला दोन पाय असून जिना चढवत नाही. जोडी बरी जमली आमची."

आज तो हसला नाही. त्याने टाकीखालची तोटी सोडली, ओंजळीत जनावर टिकवायचं थोडं औषध घेतलं आणि वास घेतला.

"डोळे झोंबत नाहीत," तो म्हणाला. "हे औषध नाही. हे पाणी आहे."

"पाणीच आहे. मीच घातलंय. दर सोमवारी दोन डबे औषध काढतो आणि दोन डबे नळाचं पाणी ओततो. तपासायला कोण येतंय? संग्रहालयाच्या बाईसाहेबांचा माझ्यावर विश्वास आहे. समुद्रापासून याच्यासोबत असलेला माणूस मी!"

ते खरंच होतं. सहा वर्षांपूर्वी हे जनावर जाळ्यात आलं तेव्हा कप्तान जाळं कापायला निघाला होता. टाकीवाला तेव्हा त्याच बोटीवर खलाशी होता; कप्तानाचा हात त्यानेच धरला. त्यानेच दोर बांधले. ते डेकवर मावेना म्हणून बोटीच्या कुशीला बांधलं आणि फाटू नये म्हणून बोट मुंगीच्या चालीने आणली. अर्ध्या दिवसाच्या वाटेला अडीच दिवस लागले. अडीच दिवस हा पठ्ठ्या त्याच्यावर बादल्यांनी पाणी मारत होता आणि गात होता. धक्क्यावर उतरला तेव्हा मेहुणा उभा होता. बायकोला सकाळीच स्मशानात पोचवून आले होते.

तेव्हा त्याने नशिबाला बोल लावला. बोट सोडली, इथे नोकरी धरली आणि जनावर पोटच्या पोरासारखं जपलं. मग गेल्या वर्षी बंदरावरचा वायरलेसवाला निवृत्त झाला आणि बोलता बोलता बोलून गेला.

"पहिल्याच दिवशी वायरलेसवर कळलं होतं तुम्हाला," टाकीवाला म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "माझी बायको आजारी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. मी तुमच्यापासून चार हातांवर उभा होतो. अडीच दिवसांत तोंडातून अवाक्षर नाही काढलंत. का, तर हे धूड अख्खं यायला हवं होतं. पेपरात फोटो यायला हवा होता. आता बसा बघत. तुमच्या डोळ्यांदेखत कुजणार आहे ते. बाईसाहेबांना सांगायचं तर सांगा. उशीर झालाय."

कप्तान स्टुलावर बसला. ओला हात त्याने गुडघ्यावर पुसला.

"वायरलेसवाल्याने तुला अर्धंच सांगितलं," तो म्हणाला. "निरोप दुसऱ्या कुणाचा नव्हता. ती स्वतः आली होती बंदरावर, वायरलेसवर बोलायला."

फडकं थांबलं.

"खोटं."

"तुझ्या जाळ्यात काय आलंय ते मीच सांगितलं तिला. हसली. म्हणाली, मला जरा ताप आहे, उद्या दवाखान्यात जाते. पण त्यांना कळू देऊ नका. कळलं तर ते दोर कापून येतील. शपथ घातली मला. म्हणाली, ते जन्मभर लोकांच्या बोटींवर राबले. पहिल्यांदा काहीतरी त्यांचं म्हणून सापडलंय. आणू द्या."

"मग सहा वर्षं तोंड का शिवून बसलात?"

"काय बोलणार होतो? ती गेलेली. सगळं तिच्यावर ढकलू? तू माझ्यावर दात धरलास तर धर, मला चालेल. तिच्यावर धरला असतास तर?" म्हाताऱ्याने नाक पुसलं. "आजही बोललो नसतो. पण तू हे काय करून बसलास रे?"

टाकीत कातडीचा एक पापुद्रा सुटला आणि हळूहळू तळाशी गेला. टाकीवाल्याने काचेवर दोन्ही तळवे टेकले.

"आणखी काय म्हणाली?"

कप्तानाने वाकून तोटी घट्ट आवळली.

"कप्तान, आणखी काय म्हणाली ती?"

"म्हणाली, बरी झाले की बघायला येईन. तोवर त्यांना म्हणावं, नीट सांभाळा."