पाण्याची फळी

पहिली

देवश्रीने कोल्हारच्या घाटाचं चित्र टॅबवर काढलं होतं. वर पायऱ्या, खाली प्रवरेचं पाणी. सुपा गावच्या वर्कशॉपमध्ये तिथले कारागीर काकासाहेब यांनी ते संगणकावर चालणाऱ्या मशीनवर लाकडी फळीत कोरून दिलं. तिने जपानी पद्धतीने फळीला रंग लावला, वर ओलसर कागद ठेवून कागदाच्या पाठीवर दाबायची चकती घासली आणि कागद उचलला.

पायऱ्या रिकाम्या होत्या. पाण्यात मात्र एका बसलेल्या माणसाचं प्रतिबिंब होतं.

"काकासाहेब, माझ्या फाईलमध्ये हात घातलात तुम्ही."

"न्हाई ताई. मशीन फाईलीत हाय तेवढंच कापतं."

"उद्या प्रदर्शन आहे माझं. मालकांना सांगते मी."

"सांगा. नोकरी जाईल माझी. पर म्या मानूस घातला न्हाई."

दुसरी

तिने त्यांना दाराबाहेर उभं केलं, फाईल तपासली. त्यात माणूस नव्हता. मग मशीन स्वतः चालवून नवी फळी कोरली आणि छापली.

आता प्रतिबिंबातला माणूस उभा होता.

"ह्यो बी मीच काढला व्हय?" काकासाहेब दारातून म्हणाले.

तिसरी

तिने फाईलमधलं पाणीच पुसून टाकलं. नुसत्या पायऱ्या कोरल्या, छापल्या.

माणूस नव्हता.

तिला हसू फुटलं. "या आत, काकासाहेब. चुकलं माझं. गेला तो." रंगाने माखलेला हात तिने ब्रश धुवायच्या घमेल्यात बुडवला.

काकासाहेब आत आले, पण हसले नाहीत. ते घमेल्यातल्या पाण्यात, तिच्या हाताच्या शेजारी बघत होते.

"ताई," ते अगदी हळू म्हणाले, "हात भाईर काढा."