गारांनंतरची बाग

नत्थूजी फोन कानाशी धरून देवळाच्या ओट्यावर चढले. खापरखेड्यापलीकडच्या त्या गावात रेंज तिथेच मिळायची.

"संत्रा हाये मॅडम! गारानं झोडपला!" ते ओरडून सांगत होते. "बाग माही नाही. शेजारच्या इंदुताईची हाये. त्या दवाखान्यात हायेत."

गारपिटीनंतर तीन दिवसांत विमा कंपनीला कळवावं लागतं आणि तिसरा दिवस कलला होता. तक्रार नोंदवून झाली तेव्हा नत्थूजींनी ओट्यावरच बसकण मारली आणि शहरात, सक्करदऱ्याच्या दवाखान्यात आईजवळ असलेल्या इंदुताईच्या लेकीला, श्वेताला, फोन लावला.

"झालं पोरी. लिवून घेतलं त्यायनं. साहेब पाहाले येणार हाये."

श्वेताला रडूच फुटलं. "काका, आईचं अजून एक ऑपरेशन हाये. विमा नसता तं बागच विकावी लागली असती. ते बाग गेली तं आई उठणारच नाही."

"बाग नाही जात," नत्थूजी म्हणाले. "आमी हाओत ना इथं."

गावात विमा काढणारी इंदुताई एकटीच. लोकांनी तिची यथेच्छ थट्टा केली होती. "गारा काय तुमाले विचारून पडतात का जी?" असं शेजारच्या वावरातले आनंदरावही पारावर म्हणाले होते, आणि ते तर दोघांच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, भांडणापासून तिच्याशी बोलतही नव्हते. इंदुताई हसायची आणि आपल्या कामाला लागायची.

आणि गारा आल्या त्या लिंबाएवढ्या. सगळं गाव छपराखाली पळालं. नत्थूजी त्या दिवशी कळमन्याच्या बाजारात होते आणि त्यांचे बैल उघड्यावर बांधलेले होते. इंदुताई डोक्यावर घमेलं धरून धावली. तिने दावी सोडली, बैल गोठ्यात घातले आणि मागे वळली, तोच घमेलं निसटलं. गोठ्याच्या दारातच ती कोसळली. बैलांना खरचटलंही नव्हतं. तेव्हापासून नत्थूजींच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता.

तक्रार नोंदवल्याच्या दुसऱ्या दिवशी ते बायकोला, प्रयागबाईला, घेऊन बागेत गेले आणि दोघंही बांधावरच थबकली. आठवडाभरावर आलेला फळांचा सगळा तोडा मातीत पडला होता. फुटलेल्या संत्र्यांचा खच, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या, आंबूस वास.

"हे असं सडू देलं तं झाडाले रोग लागंन," प्रयागबाई म्हणाली. "अन् इंदुताई घरी येऊन हे पाहीन? धसक्यानंच जाईन ते. मी तं तिले हे दिसू देत नाही."

त्या गावाची एक रीत आहे. कुणाच्या घरी संकट आलं की त्या माणसाच्या वावरातलं काम तो उठायच्या आत झालेलं असतं. कुणी बोलवायचं नसतं, कुणी विचारायचं नसतं, आपापली शिदोरी घेऊन यायचं. अशी गावं आता फार उरली नाहीत, म्हणून या गावाचं कौतुक करताना हात आखडता घ्यावासा वाटत नाही.

बाया टोपल्या घेऊन आल्या. माणसं कात्र्या घेऊन आली. ज्यांचा स्वतःचा गहू लोळला होता, तेही आले. खाली पडलेलं एकेक संत्रं उचललं गेलं. प्रयागबाई झाडांखालून फिरत बजावत होती, "डागी फळ वरतं ठेवू नका गा! एक बी नको!" मोडक्या फांद्या कापून जखमांना बोर्डो पेस्ट लावली. झडलेला पाला झाडून काढला, बुंध्यांभोवतीची आळी नीट केली.

दुपारी बांधावर ट्रॅक्टर येऊन थांबला. वर आनंदराव होते.

"तुमी?" नत्थूजींच्या तोंडून निघून गेलं.

"भांडण धुऱ्याचं हाये," आनंदराव म्हणाले. "झाडाचं नाही. भरा ट्रॉली."

सडका माल त्यांनी स्वतः दूर नाल्याच्या काठी नेला, खोल पुरला आणि वरून माती सारखी करून टाकली. परत येताना त्यांनी इंदुताईच्या बाजूचा धुराही साफ करून दिला.

विम्याचे साहेब यायला बरेच दिवस लागले. तोवर झाडांवर पोपटी पालवी फुटली होती. बायांनी बागेच्या तोंडाशी सडा घातला होता, चहा तयार होता. अख्खं गाव जमलं होतं.

नत्थूजींनी श्वेताला फोन लावला. मधल्या दिवसांत गावाजवळ टॉवर सुरू झाला होता, त्यामुळे आता बागेतूनही बोलणं होत होतं. तिचा आवाज खुलला होता. "काका, आई आज शुद्धीवर हाये. फोन तिच्या कानाशी धरला मी."

नत्थूजींचे डोळे भरून आले. साहेबांचं बोलणं इंदुताईला ऐकू जाईल अशा बेताने त्यांनी फोन हातात धरला.

साहेब ओळीओळीतून सावकाश फिरले. खाली वाकून पाहिलं, फांद्या वाकवून पाहिल्या. आठवडाभर उद्ध्वस्त वावरं तुडवून त्यांचा चेहरा ओढला होता, तो हळूहळू सैल झाला.

"अशी बाग मी या दौऱ्यात कुठंच पाहिली नाही," ते म्हणाले.

गावाची छाती फुगली. प्रयागबाईने पदराने डोळे टिपले. आनंदराव उगाचच दुसरीकडे बघू लागले.

"बाई फार हुशार आहेत हो तुमच्या," साहेब अगदी मनापासून म्हणाले. "गारा यायच्या आधीच सगळा तोडा उरकून घेतला. आता मी नुकसान कशाचं लिहू?"