जिनमधलं औषध

लग्नाच्या वाढदिवसाला दोघं कितीतरी महिन्यांनी बाहेर पडली होती. बारवाल्याने जुन्या पद्धतीच्या जिन-टॉनिकचे दोन ग्लास समोर ठेवले आणि हौसेने सांगू लागला, "हिवतापावरचं कडूजहर औषध सैनिकांच्या घशाखाली उतरेना. मग त्यात जिन अन् साखर मिसळायचे. लेकाचे मिटक्या मारत प्यायचे!"

नवरा खो-खो हसला. "घे ना गं. आई आज कशी लवकर झोपली, आता कसली काळजी?"

तिने ग्लास ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. निघण्याआधी झोपेची गोळी कुटून तिनेच ती सासूबाईंच्या दुधात मिसळली होती. शेवटचा घोट घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "आज साखर जास्त घातलीस बाई. किती लाड करतेस माझे!"