चौथी ओळ

सायराकानने तंबूच्या भिंतीकडे तोंड करून बैठक मारली, काळा रुमाल कपाळावर ओढला आणि आवाज लावला.

"लेकीसाठी घोडी पाठवली,
खोगीर रिकामं परत आलं गं..."

लेकीच्या, सोनुनच्या, सासरी आज तिची आश होती, वर्षश्राद्धाचं जेवण. बाहेर कढया चढल्या होत्या, आत बायांची दाटी झाली होती. आज शेवटचा कोशोक, गेलेल्या माणसासाठीचं रडगाणं, म्हणायचा, काळे कपडे उतरवायचे आणि त्या माणसासाठी पुन्हा कधी सुरात रडायचं नाही, अशी रीत. आणि आईचा कोशोक आईनेच रचलेला हवा. उसन्या शब्दांत रडणाऱ्या आईला या डोंगरात कुणी उभं करत नाही.

सायराकानने आपला कोशोक गेल्या हिवाळ्यात याच अंगणात रचला होता. सोनुन बाळंतपणात गेली. बर्फाने खिंड बंद होती, डॉक्टर पोचलाच नाही. विहीण रापिया तेव्हा थोरल्या मुलाकडे रशियात. मयताला पाच बाया जमल्या, आणि सहावी मेरिम. मंत्र्याची मुलगी. डोंगरातल्या जगण्यावर लिहायला म्हणून राजधानी बिश्केकहून आलेली आणि बर्फात अडकलेली. तिने सायराकानचा हात धरला, तिच्याबरोबर ढसाढसा रडली. दुसऱ्या हातातल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं.

वसंतात, आपल्या घरी पीठ मळताना, सायराकानने तो कोशोक रेडिओवर ऐकला. मेरिमच्या आवाजात. पुस्तक निघालं होतं, त्याला बक्षीसही मिळालं होतं. शब्दाला शब्द तोच. फक्त चौथ्या ओळीत सोनुनच्या जागी आयपेरी. सायराकानने खटपट करून फोन लावला. "सोनुन जरा जुनाट वाटतं हो आपा," मेरिम लाडाने म्हणाली. "साहित्यात असं करावं लागतं. तुम्हाला नाही कळायचं ते."

सायराकान भांडली नाही. पुस्तक घेऊन ती काय करणार होती? आशच्या दिवशी, भरल्या तंबूत, त्याच शब्दांत एकदा लेकीचं नाव घ्यायचं, एवढंच तिच्या मनात होतं. त्यासाठी ती सहा महिने थांबली.

पण दुसरी ओळ संपते न संपते तोच रापियाने तिच्या दंडाला चिमटा काढला.

"विहीणबाई, काय चालवलंय हे? हे तर पुस्तकातलं! शाळेतली पोरं घडाघडा म्हणतात. ती बाई स्वतः मानाच्या जागी बसलीय, तिच्यासमोर तिचंच म्हणता? पोटच्या पोरीसाठी चार शब्द सुचेनात तुम्हाला?"

"माझंच आहे ते," सायराकान म्हणाली.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. सायराकानने मान वळवली. मयताला आलेल्या त्या पाचजणींपैकी दोघी दाराशीच बसल्या होत्या. त्यांना सगळं आठवत होतं, आठवणारच. पण मेरिमच्या वडिलांनी गावच्या शाळेला नवं छप्पर दिलं होतं, आणि दोघींची नातवंडं त्याच शाळेत होती. दोघींनी चहाच्या वाटीत तोंड खुपसलं.

"वर खोटंही बोला आता," रापिया म्हणाली. "माझ्या सुनेच्या आशला. लाज आणलीत."

मानाच्या जागेवरून मेरिम उठली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते नाटक नव्हतं. बायांनी पाय आवरून तिला वाट दिली. ती सायराकानपाशी गुडघे टेकून बसली, तिच्या खांद्यावर हात ठेवला. सायराकानचा जीव कानात गोळा झाला. तिला वाटलं, आता ही सांगेल. सगळ्यांच्या देखत सांगेल.

"रापिया एजे, रागावू नका हो," मेरिम म्हणाली. "आईच ती. म्हणू द्या तिला. माझी काही हरकत नाही."

केवढं मोठं मन बाईचं, अशी कुजबुज तंबूभर झाली. रापियाने तर डोळ्यांना रुमाल लावला. मेरिम सायराकानच्या कानाशी वाकली.

"फक्त आपा, नाव तेवढं आयपेरीच घ्या हं. लोकांना तेच ठाऊक आहे."